अंगठा फिरवणारे डॉक्टर

माणसाने माणसावर संशय घ्यावा, मी नको म्हणत नाही. पण तांब्यावर? आमच्या गुरांच्या डॉक्टरांचा तांब्यावर संशय होता. घागरीवर होता, पेल्यावर होता, विहिरीवरच्या पोहऱ्यावर तर फारच होता. कोणाच्याही घरी गेले की ओटीवर टेकायच्या आधी दारातल्या बादलीत हात घालायचे आणि उजवा अंगठा बादलीच्या आतल्या अंगाला हळूच फिरवायचे. मग तो अंगठा बोटावर घासून बघायचे, नाकाशी न्यायचे, आणि घरातल्या बाईकडे अशा नजरेने बघायचे की तिने निदान एक तरी खून पचवलेला असावा.

गावात त्यांना 'आंगठेवालो डाक्टर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. घाटावरचे होते, सरकारी नोकरीत बदली होऊन आमच्या भागात आले आणि इथेच रमले. रमले म्हणजे काय, कोणावर विश्वास न ठेवता सुखाने राहिले. बायको कधी दिसली नाही. ती कोल्हापूरला असते आणि रोज रांजण तपासून घेण्याला कंटाळून राहिली आहे, असं बायका पाणवठ्यावर सांगत. खरं खोटं देव जाणे.

पाणी ते कोणाच्याच घरचं प्यायचे नाहीत. शहाळं चालायचं, पण ते समोर सोललेलं पाहिजे आणि सोलायच्या आधी कोयता त्यांना दाखवला पाहिजे. खाण्यात केळी, उकडलेली अंडी, फणसाचे गरे, म्हणजे देवाने ज्याला साल घालून पाठवलंय ते सगळं. लग्नाच्या पंगतीला स्वतःचा पेला घेऊन येत. देवळात तीर्थ द्यायला लागले की नम्रपणे ओंजळ पुढे करत आणि ते तीर्थ डोक्यावरून केसांना पुसत. भटजींना वाटे केवढा भाविक माणूस. मी एकदा जवळून पाहिलं, एक थेंब ओठाला लागू दिला नाही मेल्याने.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत औषधं थोडी आणि पाईपांचे तुकडे जास्त. वीतभर लांबीचे, मधोमध उभे चिरलेले. कुठल्याही गोठ्यात पाण्याचा पाईप दिसला की ते करवतीचं पातं काढायचे. मालक हा हा म्हणेपर्यंत तुकडा कापलेला असायचा. गुरांचा मेळावा भरला की ते तुकडे पंच्यावर मांडून बसायचे आणि नातवंडांचे फोटो दाखवावेत तसे दाखवायचे. "हा तोंडवलीचा. हा शिरोड्याचा, याला वास बघा. हा मिठबावचा, यांनी मला सांगितलं होतं की आमचं पाणी आरशासारखं आहे." मिठबावचा मालक तिथेच गर्दीत उभा असायचा. त्याला किती लाज वाटत असेल याची त्यांना पर्वा नव्हती.

"पाणी स्वच्छ आहे असं जो छातीवर हात ठेवून सांगतो, त्याचा पाईप आधी कापावा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

आता हा माणूस माझ्या आयुष्यात कसा आला ते सांगते.

मी तोंडवलीची. बाबांची होडी, आई मासे विकायची. आमच्या ह्यांनी मला जत्रेत पाहिलं आणि हट्ट धरून लग्न केलं. ह्यांचं घर मिठबावपासून आत, भातशेती, चार कलमं आणि गुरं. सासूबाईंना हे लग्न पसंत नव्हतं. तोंडाने त्या काही वाईट बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "दर्यावरच्या चेडवाक गोरवांतला काय कळतला?" आणि ते खरंच होतं. मला बांगडा आणि तारली कळत होती, गाय कळत नव्हती.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या ह्यांनी जर्सी गायी आणल्या आणि त्यांच्यासाठी नवा गोठा बांधला. जुन्या गोठ्यात दगडी डोण होती, तिच्यातून गुरं पाणी प्यायची. ती डोण ह्यांनी फोडून पायाला घातली. नव्या गोठ्यात प्रत्येक गायीच्या पुढ्यात एक लोखंडी वाटी. गायीने नाकाने आतली पट्टी दाबली की पाणी येणार, सोडली की बंद. घराच्या मागचं आवार उंचावर, तिथे चिऱ्यांच्या चौथऱ्यावर काळी टाकी, तिच्यातून पाईपाने पाणी सगळ्या वाट्यांना. ते बघायला गाव लोटलं होतं. ह्यांची छाती फुगलेली. सासूबाई मात्र फोडलेल्या डोणीचा एक तुकडा पायरीला लावून घेऊन त्याच्यावरच बसायच्या.

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं आणि वासरांना हगवण लागली. पहिलं गेलं तेव्हा सगळे म्हणाले, होतं असं. दुसरं गेलं तेव्हा कोणी काही म्हणालं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. आपण ताट घेऊन वाढायला वाकावं आणि पंगतीतलं बोलणं बंद पडावं, तसं घर व्हायला लागलं. मी गोठ्यात गेले की सासूबाई मागोमाग यायच्या. मी चारा घातला की त्या तो परत हलवून बघायच्या. माझ्या हाताला माशांचा वास आहे, गायींना तो सोसत नाही, असं शेजारी बोललं जातं हेही माझ्या कानावर आलं.

मग सत्यनारायण झाला. घरावर आलेलं जावं म्हणून तो घातला आणि तिथेच सगळं फिसकटलं. तीर्थ मी केलं होतं, सुनेचा मान म्हणून. दही, तूप, मध, साखर आणि आमच्याच गायीचं निरसं दूध. तीर्थाला तापवलेलं दूध कोण घेतं? सकाळी केलेलं, उन्हाळ्याचे दिवस, आरतीला दुपार कलली. त्या रात्रीपासून घरातले आणि आलेले बरेचसे लोक उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. नणंदेची छोटी मुलगी तर कणकवलीला दवाखान्यात, सलाईनवर. तिचे डोळे आत गेलेले पाहून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. पोर वाचली, देवाची कृपा.

नणंद दवाखान्यातून आली ती थेट स्वयंपाकघरात. तिने मला एवढंच विचारलं, "तीर्थ कोणी केल्लां?"

मी म्हटलं, "मी."

"समाजलां," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

त्या पूजेला डॉक्टर आले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे तीर्थ केसांना पुसलं होतं, त्यामुळे ते धडधाकट. झालं. गावाला दोन संशयित मिळाले. "ह्या माणसाक आदीच म्हायत होता," असं उघड बोलायला लागले लोक. आमच्या ह्यांनी तर त्यांना ओटीवर उभं करून विचारलं.

"मला काहीच माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "मी कुठलंच तीर्थ पीत नाही. तुम्ही का पिता हे मला माहीत नाही."

आणि तिथल्या तिथे त्यांनी चौकशी सुरू केली, जणू संशयित ते नव्हतेच. एकेकाला बोलावून विचारलं. दूध कोण काढतं, सड कशाने धुता, टाकीत ब्लीचिंग पावडर कोण टाकतं. ह्यांनी सांगितलं, मी टाकतो, न चुकता. सासूबाईंना विचारलं, तुम्ही गोठ्यात काय करता? त्या म्हणाल्या, "मी काय करतलंय? देवाचा नाव घेतंय." मग माझी पाळी आली. त्यांनी माझे हात पुढे करायला लावले. दोन्ही तळवे बघितले, नखं बघितली, आणि सगळ्यांच्या देखत वाकून वास घेतला. मी तोंडवलीला असते तर त्यांच्या कानाखाली वाजवली असती.

"हात फार स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

"मीठ आणि चिंच लावून धुते. मासे करते ना."

"इतका स्वच्छ हात मी या गावात पाहिला नाही. असे हात असलेल्या माणसाने काहीतरी धुऊन टाकलेलं असतं."

घाण असते तरी माझं चुकलं, स्वच्छ आहेत तरी माझंच चुकलं. मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी बघून नणंद हळूच सासूबाईंना म्हणाली, "बगलंस?"

त्यांनी वाट्यांतलं पाणी बाटलीत भरून तपासणीला पाठवलं. मी रोज देवाला हात जोडत होते की त्या पाण्यात काहीतरी सापडू दे. कागद आला. पाणी पिण्यास योग्य. ह्यांनी तो मोठ्याने वाचला आणि मला वाटलं, आता संपलं. पाणी चांगलं, चारा चांगला, गायी चांगल्या. मग वाईट कोण राहिलं?

त्याच संध्याकाळी ठरलं. येत्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचा. प्रश्न एकच, सुनेचा पाय घराला लाभतो का नाही. देवाच्या अंगाला लावलेली पाकळी डावीकडची पडली तर मी माहेरी. ह्यांनी मला अंगणात एकटं गाठून समजावलं. "चार दिस म्हायेराक जावन ये गो. मग बगूया." बघूया म्हणजे काय ते मला कळत होतं. आमच्या शेजारच्या घरातली एक सून अशीच चार दिवसांसाठी गेली होती. तिची पत्र्याची पेटी पुढे तिच्या भावाने येऊन नेली.

त्या दिवसांत मला माणसांचा इतका वीट आला होता की काय सांगू. आई भेटायला आली तर तिलाही वाटलं मी काहीतरी लपवते आहे. "खरां सांग, तुझ्या हातसून काय चुकलां काय?" असं तिने विचारलं. सख्ख्या आईने. मी तिला चहासुद्धा दिला नाही.

कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर परत आले. ह्यांनी कागद त्यांच्या पुढे नाचवला.

"वाचला मी," ते म्हणाले. "पाणी चांगलं असेल. पण येतं कशातून?" आणि डिकीतून करवतीचं पातं काढलं.

ह्यांनी नको नको म्हणेपर्यंत गोठ्यातल्या पाईपाचा तुकडा त्यांच्या हातात होता. पायाखाली धरून त्यांनी तो उभा चिरला. आम्ही सगळे जमलेले. पाईप बाहेरून नवा कोरा, आतून मात्र एक पिवळट पांढरा बुळबुळीत थर, नाकातल्या शेंबडासारखा. डॉक्टरांनी अंगठा फिरवला. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"हे बघा," ते म्हणाले. "जंतू एकटा असला तर ब्लीचिंगने मरतो. पण तो एकटा राहत नाही. पाईपाला चिकटतो, अंगातून चिकट काहीतरी सोडतो, त्यात बाकीचे येऊन राहतात. वरून तुमचं औषध वाहून जातं, आत यांचं बिऱ्हाड सुखरूप. मग कधीतरी त्यातला एखादा गोळा सुटतो आणि वाटीत पडतो. त्या दिवशी पाणी तपासलंत तर सापडेल. आदल्या दिवशी तपासलंत तर तेच पाणी गंगाजळ." गायीच्या पोटातून ते शेणात जातं, शेणातून सडाला लागतं, तिथून दुधात, असं त्यांनी सांगितलं. "उकळलं तर मरतं. तुम्ही तीर्थात निरसं घातलंत."

मग त्यांनी अंगठा नाकाशी नेला आणि थांबले. परत वास घेतला. "पण एवढं जाड होत नाही. नुसत्या पाण्यावर यांचं पोट इतकं भरत नाही. यांना कोणीतरी खायला घालतंय. आंबूस वास आहे. या टाकीत भाताचं काहीतरी कोण टाकतं?"

तो वास माझ्यापर्यंत आला होता. मला तो ओळखू आला. शिळी पेज. आमच्याकडे सकाळी पेज होते, उरलेली पेज आणि तांदळाचं धुवण गुरांच्या पाण्यात जातं, कोकणात कुठल्या घरात जात नाही? आणि उजाडताना सासूबाई टोप घेऊन मागच्या आवारात जातात हे मी रोज बघत होते. त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. आता त्या आपोआप शेजारी आल्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"पेज कोणाच्या हातची असते?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुनेच्या," नणंद म्हणाली.

आणि सगळे परत माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, चांगलं फटफटलं होतं, मी अंगणात सडा घालत होते. सासूबाई टोप घेऊन मागे गेल्या. जरा वेळाने तिकडून पुरुषाचा आवाज आला, "थांबा." मी सडा टाकून धावले.

टाकीच्या बाजूला गवताची गंजी होती. तिच्यातून डॉक्टर बाहेर आलेले, डोक्यावर गवत, हातात पेटलेली बॅटरी, खरं तर उजेड पडला होता. सासूबाई चौथऱ्यापाशी उभ्या. टाकीचं झाकण उघडं आणि हातात पेजेचा टोप. मला वाटलं टोप खाली पडेल. नाही पडला. त्यांनी तो आणखी घट्ट धरला.

"चोरी करतंय काय मी?" त्या म्हणाल्या. "माझ्या गोरवांक पेज घालतंय."

"टाकीत?"

"मग खंय घालू? माझ्या झिलान डोण फोडून टाकल्यान. एका गायीक घालूची आणि दुसरीक नाय, असा कसा चलात? टाकीत घातलंय की सगळ्यांक सारख्या गावता."

पाईपात रोग शिरायची हजार कारणं डॉक्टरांना ठाऊक होती. पण गायींमध्ये दुजाभाव नको म्हणून कोणी चढणीवर टोप घेऊन येत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

"काल मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलास, भात कोण टाकता. मी भात खंय टाकतंय? आणि सगळी म्हणीत होती तिचीच चूक आसा. माका पण तसाच वाटलां."

डॉक्टरांनी पिशवीतून चिरलेला पाईप काढला आणि त्यांच्या पुढे धरला. "हात लावा."

सासूबाईंनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पदराला पुसलं. परत पुसलं. "ह्या माझ्या पेजेचा?"

"तुमच्या पेजेचं."

"वासरां ह्यान गेली?"

"याने."

सासूबाई चौथऱ्यावर बसल्या. ती वासरं त्यांनी मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजलेली. मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि माझी नात?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. हा माणूस आता सासूबाईंनाही तसंच तोंडावर सांगणार, असं मला वाटलं.

"ते मला खात्रीने सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मला कशाचीच खात्री नसते."

सासूबाईंनी माझी माफी मागितली नाही. सासवा सुनांची माफी मागत नाहीत आणि मीही वाट बघत बसले नव्हते. पण सोमवारी त्या एकट्या देवळात गेल्या आणि गुरवाला सांगून आल्या की कौल नको. वाटेत जी भेटली तिला सांगितलं, "टाकीत पेज मीच घालीत होतंय. चेडवाचो काय दोष नाय." नणंदेच्या घरी जाऊन तिलाही सांगितलं, आणि त्या गोष्टीवरून मायलेकी बरेच दिवस बोलत नव्हत्या. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं. त्याच आठवड्यात एका रात्री जेवताना त्यांनी आपल्या ताटातला माशाचा तळलेला तुकडा माझ्या ताटात ठेवला तेव्हा मला हुंदका आला, आणि त्या म्हणाल्या, "जेव गो, रडतंस कित्याक?"

मग डॉक्टरांनी पाईप सोडवून घेतले. सुंभाला नारळाच्या सोडणाचा बोळा बांधायचा आणि पाईपाच्या या तोंडातून त्या तोंडाकडे ओढायचा, असं सगळ्यांना कामाला लावलं. नुसतं औषध ओतून चालत नाही, आधी घासून बिऱ्हाड मोडायचं आणि मग औषध. पाईपातून जे निघालं ते बघून ह्यांनी दोन दिवस पेज घेतली नाही. टाकीला कुलूप लागलं. सासूबाईंनी प्रत्येक गायीसाठी वेगळं घमेलं आणवलं आणि मापट्याने सारखी पेज घालायला लागल्या. ती घमेली घासायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही. वासरं जगायला लागली.

डॉक्टर अधूनमधून यायचे आणि न विचारता घमेल्यांतून अंगठा फिरवत जायचे. सासूबाई पायरीवरून बघत असायच्या. "आंगठो झिजात तुमचो," म्हणायच्या. एकदाच एका घमेल्यापाशी ते थांबले, तर ही बाई उठून उभी राहिली, परीक्षेचा निकाल लागावा तशी. "ठीक आहे," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना शहाळं मिळालं, तेही कोयता आधी दाखवून.

माझ्याशी मात्र ते कधी नीट बोलले नाहीत. माझ्याकडे बघायचे ते डोळे बारीक करून. मला वाटायचं, स्वभाव आहे. मी माझ्या मुलांना त्यांची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. सगळ्या गावाने आईवर आळ घेतला होता, पण डॉक्टरांना खरं ठाऊक होतं, म्हणून ते पहाटेच्या दवात आईसाठी गवतात जाऊन बसले. मुलांनाही ती गोष्ट आवडायची.

पुढे ते निवृत्त झाले. मध्ये काही वर्षं गेली. मी शिरोड्याला एका लग्नाला गेले होते, येताना एसटीची वाट बघत होते. स्टँडवर पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि एक म्हातारा तिच्या नळाच्या आत अंगठा घालून उभा होता. मागे तहानलेली माणसं खोळंबलेली. मी लगेच ओळखलं. जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी अंगठा नाकाशी नेला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही पेजेच्या घरच्या," ते म्हणाले. "सासूबाई कशा आहेत?"

"गेल्या. दोन पावसाळे झाले."

त्यांनी मान हलवली. आम्ही बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग एकदम ते म्हणाले, "एक विचारायचं राहिलं होतं. मी पाईप चिरला तेव्हा तुम्हाला तो वास ओळखू आला होता. मी तुमच्याकडेच बघत होतो. कोण टाकतं तेही तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही.

"मी बोलले असते तर कोणी मानलं असतं?" मी म्हटलं. "मी सासूवर ढकलते असंच झालं असतं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही मानलं नसतं. त्या पहाटे मी गवतात बसलो होतो तो तुम्हाला पकडायला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझं डोकं फिरलं. "तुमका काय लाज बीज?" स्टँडवर, चार माणसांत, मी त्यांना म्हटलं. "मी पोरांना काय काय सांगत बसले तुमच्याबद्दल."

"हात फार स्वच्छ होते तुमचे," ते म्हणाले. त्यांना अजून ते पटलेलं दिसत नव्हतं.

गाडी आली. मी त्यांच्याशी न बोलता चढले आणि खिडकीशी बसले. वेंगुर्ला येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. मग शिव्या संपल्या आणि दुसरंच काहीतरी डोक्यात यायला लागलं. त्या वेळी माझ्यावर संशय कोणी घेतला नव्हता? सासूने घेतला, नणंदेने घेतला, माझ्या आईनेही घेतला. पण त्या संशयापायी पहाटे उठून, खरं काय ते आपल्या डोळ्यांनी बघायला दवात जाऊन बसलेलं माणूस एकच होतं. बाकीच्यांना बघायची गरज वाटली नव्हती. त्यांची खात्री होती. त्या पहाटे सासूबाई सोडल्या तर ते सगळे आपापल्या घरात झोपले होते, आणि त्यात माझा नवराही होता.